नव्या गाडीचे पहिले ऑईल

सदर : घरखर्चाची वही



या सदरात आपण आजवर रेशन, शिष्यवृत्ती, विमा, बचत गटाचे कर्ज अशा विषयांवर बोललो. आज बोलायचे आहे इंजिन ऑईलवर. काही भगिनी म्हणतील, हा तर गॅरेजचा विषय, आमच्या घरखर्चाच्या वहीत त्याचे काय काम? काम आहे. आपल्या कितीतरी घरांत आज चूल पेटते ती इंजिनावर. परभणीच्या रेल्वे स्टेशनवर आणि बसस्थानकावर उभ्या असलेल्या ऑटोरिक्षा मोजा. भाजीबाजारात माल आणणाऱ्या तीनचाकी गाड्या मोजा. जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, गंगाखेडकडून रोज सकाळी मोटारसायकलवर कामाला येणारे गवंडी, वायरमन, रंगारी मोजा. कुणाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर म्हणून राबणारे आपले तरुण मोजा. या सर्वांच्या घरात गाडी ही चैनीची वस्तू नाही. ती कमावता माणूस आहे. आणि बहुतेक घरांत ती हप्त्यावर आलेली आहे. कमावता माणूस आजारी पडला तर घर जसे अडते, तसेच गाडी बंद पडली की हप्ता, किराणा आणि मुलांची फी एकदम अडते.

म्हणून आजचा मुद्दा एकच. नव्या गाडीचे पहिले ऑईल कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या किलोमीटरला, किंवा सांगितलेल्या दिवसांत, बदललेच पाहिजे. हा खर्च काही शे रुपयांचा आहे. तो चुकवला तर पुढे कित्येक हजारांचा खड्डा पडू शकतो. का, ते नीट समजून घेऊ.

जात्याची टाकी आठवा

आपल्या आजी-पणजीच्या काळी घरात जाते असे. जाते गुळगुळीत झाले की त्याला टाकी लावून घ्यावी लागे. टाकी लावल्यावर लगेच घरची ज्वारी कुणी दळत नसे. आधी मूठ-दोन मुठी कोंडा किंवा भरड धान्य दळून ते पीठ टाकून देत, कारण त्यात दगडाची बारीक कच येई. ती कच पोटात गेली तर माणूस आजारी पडे आणि दाताखाली आली तर भाकरी गोड लागत नसे. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नव्हते, पण प्रत्येक बाईला होते.

नव्या इंजिनाचेही असेच आहे. इंजिनात एक नळकांडे असते, त्याला आपले मिस्त्री ब्लॉक किंवा बोअर म्हणतात. त्यात पिस्टन खालीवर फिरतो. पिस्टनवर रिंगा असतात, त्या नळकांड्याच्या भिंतीला घासून चालतात. कारखान्यात या भिंतीवर मुद्दाम बारीक तिरक्या रेघा काढतात, म्हणजे त्या रेघांत ऑईल धरून राहते. डोळ्याला ही भिंत आरशासारखी दिसली तरी भिंगाखाली पाहिली तर तिच्यावर डोंगर-दऱ्या दिसतील. गाडी प्रथम चालू होते तेव्हा रिंगांची आणि भिंतीची ही बारीक टोके एकमेकांना घासून झडतात आणि दोन्ही पृष्ठभाग एकमेकांशी जुळतात. यालाच आपण ‘इंजिन सेट होणे’ म्हणतो. गिअरचे दात, बेअरिंग, कॅम यांचेही तेच. म्हणजे सुरुवातीची झीज हा काही दोष नाही, ती व्हावीच लागते. ती झाली नाही तर रिंगा नीट बसणार नाहीत, गाडी ऑईल खाईल आणि ताकद देणार नाही.

पण झडलेली टोके जातात कुठे? ती जातात ऑईलमध्ये. लोखंडाचे, ॲल्युमिनियमचे, पितळी बुशांतील तांब्याचे कण त्यात येतात. कारखान्यात यंत्रावर कातकाम होताना राहून गेलेला एखादा कणही येतो. हे कण किती लहान? एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर एका भागाला मायक्रॉन म्हणतात. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. इंजिनातील दोन धातूंच्या मधला ऑईलचा थर मात्र काही ठिकाणी मोजक्या मायक्रॉनचाच असतो. आता या थरात त्याच्याहून मोठा कण शिरला तर काय होईल? तो बेअरिंगवर ओरखडा काढील. त्या ओरखड्यातून आणखी कण निघतील आणि ते पुन्हा दुसरीकडे ओरखडे काढतील. एका कणाचे दहा होतात. सावकाराच्या व्याजासारखाच हा प्रकार आहे.

मग फिल्टर काय करतो, असे कुणी विचारील. फिल्टर मोठे कण धरतो, सगळे धरत नाही. कागदी फिल्टरमधून साधारण २० मायक्रॉनपेक्षा बारीक असलेले पुष्कळ कण पार होतात. शिवाय १०० सीसीच्या कितीतरी मोटारसायकलींना कागदी फिल्टर नसतोच. तारेची एक जाळी असते आणि गरगर फिरून गाळ बाजूला फेकणारी एक वाटी असते. त्यातही मोटारसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना मिळून एकच ऑईल असते, तेही जेमतेम लिटरभर. तिघांचीही झीज त्या लिटरभरात गोळा होते. यास्तव कंपन्या मोटारसायकलची पहिली सर्व्हिस लवकर ठेवतात. कुणाची ५०० ते ७५० किलोमीटरला, तर कुणाची ७५० ते १००० किलोमीटरला. त्याबरोबर दिवसांचीही मर्यादा असते आणि दोन्हींत जे आधी येईल ते धरायचे असते. जात्यातले पहिले पीठ टाकून द्यायचे, तसेच हे पहिले ऑईल काढून टाकायचे.

जुन्या सवयीचा घोटाळा

आपल्याकडे हे ऑईल चुकवण्याची सवय लागली, तिला एक कारण आहे. बजाज कंपनीचा वाळूजचा कारखाना १९८५ साली, तेव्हाच्या औरंगाबादजवळ, सुरू झाला आणि मराठवाड्याच्या रस्त्यांवर स्कूटर व रिक्षा वाढत गेल्या. त्या काळच्या या गाड्या टू-स्ट्रोक होत्या. त्यांत पेट्रोलमध्येच ऑईल मिसळावे लागे. पंपावर पेट्रोल भरले, वर मापाने ‘टू-टी’ ऑईल ओतले, की झाले. ते ऑईल पिस्टनला वंगण देऊन पेट्रोलबरोबर जळून धुराने बाहेर जाई. गिअरपेटीचे ऑईल तेवढे वेगळे असे. त्यामुळे पिस्टनच्या वंगणाचे ऑईल वेळच्या वेळी काढून बदलायचे असते, ही गोष्टच त्या पिढीच्या अंगवळणी पडली नाही.

२००० सालानंतर फोर-स्ट्रोक रिक्षा वाढत गेल्या आणि टू-स्ट्रोक मागे पडल्या. फोर-स्ट्रोकमध्ये ऑईल जळण्यासाठी नसते. ते खालच्या चेंबरमध्ये साठून राहते आणि पंपाने पुन्हा पुन्हा फिरवले जाते. म्हणजे घाणही त्यातच साठते. गाडी बदलली, पण कानावर पडलेले जुने सल्ले तसेच राहिले. बाप टू-स्ट्रोक चालवून संसार करून गेला, मुलगा फोर-स्ट्रोकवर बापाची सवय चालवतो. यात मुलाची चूक म्हणण्यापेक्षा त्याला कुणी समजावून दिले नाही, ही खरी गोष्ट आहे.

‘फ्री सर्व्हिस’ म्हणजे काय?

दुसरे कारण पैशाचे. नवी गाडी घरात येते तेव्हा हातात पैसा उरलेला नसतो. डाऊन पेमेंट, पासिंग, विमा, परमिट यांत सगळे संपते आणि पुढच्याच महिन्यात पहिला हप्ता येतो. अशा वेळी ‘पहिली सर्व्हिस फ्री आहे’ म्हणून माणूस शोरूममध्ये जातो आणि तेथे बिल हातात पडते. मग वाटते की आपल्याला फसवले. फ्री सर्व्हिसमध्ये मजुरी माफ असते, ऑईल व फिल्टर यांचे पैसे सहसा आपणच द्यायचे असतात. हे गाडी घेतानाच विचारून घ्यावे आणि तेवढी रक्कम डाऊन पेमेंटच्या हिशेबातच बाजूला ठेवावी. गाडीच्या किमतीतच पहिले ऑईल धरले तर ते पुढे जड जात नाही.

गेल्या पावसाळ्यात गंगाखेड रस्त्याकडील एका वस्तीतील कुटुंबाचे कागद माझ्यापुढे आले. बाईने बचत गटातून कर्ज उचलून डाऊन पेमेंट भरले होते, नवरा रिक्षा चालवत होता. शोरूम दुसऱ्या गावी. सर्व्हिसला जायचे म्हणजे एक दिवसाची कमाई बुडणार आणि वर ऑईलचे पैसे. म्हणून ‘पुढच्या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात’ करता करता रिक्षा चार हजार किलोमीटरच्या पुढे गेली. एके दिवशी इंजिनातून ठकठक आवाज येऊ लागला आणि दोन दिवसांत इंजिन जाम झाले. उस्तादांनी खोलले तेव्हा ऑईल कमी झालेले होते, जाळी काळ्या गाळाने आणि चमकीने भरली होती, बेअरिंगवर रेघा पडल्या होत्या. बिघाडाला नेहमी एकच कारण असते असे नाही. पण वॉरंटीचा अर्ज फेटाळला गेला तो एकाच कारणाने. पहिल्या सर्व्हिसचे कूपन कोरे होते.

त्या घरातली पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीतून कधी बाहेर निघालेलीच नव्हती. ती इंग्रजीत होती. घरात बारावीला असलेली मुलगी होती. तिच्या हातात दिली तर तिने दहा मिनिटांत सर्व्हिसचा तक्ता मराठीत समजावून सांगितला. ती पुस्तिका पहिल्या दिवशी तिच्या हातात पडली असती तर? हा प्रश्न तिच्या आईनेच विचारला. माझ्याकडे त्याचे उत्तर नव्हते. म्हणून तर हा लेख.

वहीतला हिशेब

आता आकडे मांडू. आकडे नमुन्याचे आहेत, आपले आपण बदलून घ्यावेत.

समजा, रिक्षाच्या पहिल्या सर्व्हिसला ऑईल व फिल्टर मिळून ७०० रुपये लागले. दुसऱ्या बाजूला समजा, इंजिनाचे काम १५,००० रुपयांचे निघाले आणि रिक्षा १२ दिवस बंद राहिली. खर्च वजा जाता रोजची कमाई ६०० रुपये धरली तर बुडालेली कमाई ७,२०० रुपये. एकूण २२,२०० रुपये. म्हणजे ७०० रुपये वाचवायला गेलो आणि त्याच्या ३१ पटीहून जास्त गेले. शिवाय हप्ता चुकल्याचा दंड वेगळा, गटाच्या कर्जाचे व्याज वेगळे, आणि घरात झालेली भांडणे कुठल्याच रकान्यात बसत नाहीत.

आम्ही कॉमर्सवाले दरवर्षी यंत्राचा ‘घसारा’ लिहितो. वहीतला घसारा हा खरोखरच्या घसाऱ्यावरून आलेला शब्द आहे, हे इंजिन उघडल्यावर कळते. वहीतला घसारा कुणाला चुकत नाही. पण इंजिनातला घसारा मंद करणे आपल्या हातात आहे.

मग रोजच ऑईल बदलायचे का?

नाही. येथे दुसरे टोकही सांगितले पाहिजे. कुणी सांगतो १०० किलोमीटरला बदला, मग ३०० ला बदला, मग ५०० ला बदला. आपल्या खिशाला हे परवडणारे नाही आणि साध्या गाडीला त्याची गरजही नाही. कंपनीने इंजिन तपासून तक्ता दिलेला असतो, तोच प्रमाण मानावा. चारचाकीचा तक्ता तर वेगळाच असतो. आजच्या पुष्कळ पेट्रोल मोटारींत १००० किलोमीटरला फक्त तपासणी होते आणि ऑईल पहिल्यांदा १०,००० किलोमीटरला बदलतात. कारण त्यांत ऑईल तीन-चार लिटर असते, फिल्टर मोठा असतो आणि गिअरपेटीचे ऑईल वेगळे असते. म्हणून शेजारच्या कारवाल्याचे ऐकून मोटारसायकलचे ऑईल लांबवू नये आणि मोटारसायकलवाल्याचे ऐकून कारचे फुकट बदलू नये. ज्याची त्याची पुस्तिका पाहावी.

ट्रॅक्टरचा हिशेब किलोमीटरवर नसतो, तासांवर असतो. बहुतेक नव्या ट्रॅक्टरची पहिली सर्व्हिस ५० तासांना असते. पाडव्याला किंवा दसऱ्याला ट्रॅक्टर आला आणि लगेच नांगरटीला लागला तर ५० तास आठवड्याभरात भरतात. आपल्या काळ्या जमिनीत नांगर खोल लावला की इंजिनावर जोरही मोठा येतो. मालक घाईत असतो, पण सीटवर आपला माणूस असतो. पुढे इंजिन बसले की ‘ड्रायव्हरने वाट लावली’ म्हणून ठपका त्याच्यावरच येतो. म्हणून ड्रायव्हर बंधूंनी तासांचे मीटर पाहून मालकाला वेळेवर सांगावे आणि एका छोट्या वहीत तारीख व तास लिहून ठेवावेत. लिहिलेले कामी येते.

ऑईल बोलते

ऑईलवरून इंजिनाची प्रकृती ओळखता येते, ही गोष्ट रेल्वेने फार पूर्वी ओळखली. अमेरिकेतील डेन्व्हर अँड रिओ ग्रँडे वेस्टर्न या रेल्वे कंपनीने १९४० च्या दशकात डिझेल इंजिनातील वापरलेले ऑईल प्रयोगशाळेत तपासून त्यात कोणता धातू किती आहे हे पाहायला सुरुवात केली. आपल्या भारतीय रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही अशी तपासणी होत आली आहे. आपल्या जिल्ह्यात पूर्णा हे जुने रेल्वे जंक्शन, तेथे रेल्वेत नोकरी केलेल्या बुजुर्गांना हे ठाऊक असेल. ऑईलचा नमुना घ्यायचा आणि त्यातले लोखंड, तांबे, शिसे, क्रोमियम, ॲल्युमिनियम मोजायचे. तांबे-शिसे वाढले तर बेअरिंगकडे पाहायचे, क्रोमियम वाढले तर रिंगा-लायनरकडे, ॲल्युमिनियम वाढले तर पिस्टनकडे, आणि वाळूतला सिलिकॉन वाढला तर धूळ आत जाते असे समजायचे. डॉक्टर रक्त तपासून सांगतो तसे. इंजिन न खोलता रोग कळतो.

आपल्याकडे प्रयोगशाळा नाही, पण डोळे आहेत. ऑईल काढताना तेथे उभे राहावे. थोडे ऑईल पांढऱ्या कागदावर किंवा स्वच्छ झाकणात घेऊन उन्हात धरावे. पहिल्या ऑईलमध्ये चांदीच्या भुकटीसारखी बारीक चमक दिसली तर घाबरू नये, ती सुरुवातीची झीज आहे. तीच चमक दुसऱ्या-तिसऱ्या वेळीही तेवढीच दिसली, किंवा कधीही बोटाला टोचेल असा तुकडा हाती लागला, तर मात्र मिस्त्रीला तेव्हाच दाखवावे. काही गाड्यांच्या ऑईल नटला लोहचुंबक असते, त्यावर लोखंडाची बारीक दाढी जमते. ती पुसून नट परत बसवावा.

‘ऑईल अजून स्वच्छ दिसते, काळे नाही, मग कशाला बदलू?’ हा प्रश्न हमखास येतो. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीचे ऑईल तर बराच काळ स्वच्छ दिसते. पण काळेपणा हा जळणाच्या काजळीचा असतो. धातूचे कण एवढे बारीक असतात की ते डोळ्याला दिसलेच पाहिजेत असे नाही. रंगावर जाऊ नये, तक्त्यावर जावे.

पहिले हजार किलोमीटर

ऑईल बदलणे हे अर्धे काम. बाकीचे अर्धे चालवण्यात आहे. नवे इंजिन म्हणजे नुकते चालायला लागलेले पोर. त्याला एकदम पळवायचे नाही आणि बसवूनही ठेवायचे नाही. पूर्ण रेस देऊन ताणू नये. एकाच वेगाने तासन् तास चालवू नये, वेग कमी-जास्त होऊ द्यावा. सकाळी चालू केल्याबरोबर रेस देऊ नये, ऑईल वरपर्यंत पोचायला थोडा वेळ द्यावा. रिक्षात मापाबाहेर माणसे भरू नयेत. फेब्रुवारीत परभणीचा उरूस भरतो तेव्हा सवारी भरपूर मिळते हे खरे, पण नव्या रिक्षात दहा-बारा जण कोंबले तर त्या आठ दिवसांच्या कमाईतून वर्षभराचे दुखणे विकत घेतले जाते.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, राग मानू नये. आपल्यातील बरेच जण नवी गाडी १४ एप्रिलला घेतात. आनंदाची गोष्ट आहे. पण तीच कोरी गाडी त्या उन्हात मिरवणुकीत चार-चार तास पावलापावलाने चालवली जाते किंवा जागेवर चालू ठेवली जाते. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला अशा वेळी वारा मिळत नाही. ते तापते आणि ऑईल पातळ होते. तशीच दसऱ्याला नवी मोटारसायकल घेऊन तिघे जण एका दमात नागपूरला निघतात. जुनी गाडी हे सोसेल, नवीला त्रास होतो. मिरवणुकीला जुनी गाडी न्यावी, नवीला महिनाभर सांभाळावे.

हक्काचेही बोलू

काळजी आपण घ्यायची, पण फसवणूक सोसायची नाही. काळजी घेऊनही गाडी सदोष निघाली तर ग्राहक म्हणून आपला हक्क आहे. पुष्कळ रिक्षावाल्या बंधूंना सांगितले जाते की ‘तुमची गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहक होत नाही.’ हे खरे नाही. १९८६ च्या जुन्या ग्राहक कायद्याच्या जागी आता २०१९ चा कायदा आहे. पोटापाण्यासाठी, स्वतः राबून धंदा करण्यासाठी घेतलेली वस्तू त्यात ‘व्यापारी हेतू’ धरली जात नाही. सर्वोच्च न्यायालयानेही १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात हा फरक स्पष्ट केला आहे. स्वतः चालवून पोट भरणारा ग्राहक ठरतो. नफ्यासाठी गाड्या घेऊन दुसऱ्यांकडून चालवून घेणाऱ्याची गोष्ट वेगळी.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तक्रार कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत करावी. सल्ल्यासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक आहे. पण आयोगापुढे तोंडी गोष्ट चालत नाही, कागद चालतो. सर्व्हिसचे शिक्के, ऑईलची बिले, जॉबकार्ड हे सगळे एका फाईलमध्ये पाहिजे. पहिल्या सर्व्हिसचे कूपन कोरे असेल तर समोरच्या वकिलाचे निम्मे काम आपणच करून ठेवलेले असते.

घरात काय ठरवावे?

आता नेमके काय करायचे ते थोडक्यात सांगतो.

पहिले, गाडी ताब्यात घेताना पुस्तिका मराठीत मागावी. नसेल तर पहिल्या सर्व्हिसची तारीख, किलोमीटर आणि ऑईलचा नंबर शोरूमच्या माणसाकडून कागदावर लिहून घ्यावा. आपण लाखांनी पैसे मोजतो, हे विचारताना संकोच कसला?

दुसरे, ती तारीख घरातल्या कॅलेंडरवर ठळक लिहावी आणि फाईल सांभाळण्याचे काम घरातील शिकलेल्या मुला-मुलीकडे द्यावे. तेवढाच त्यांचाही संसारात हात लागतो.

तिसरे, ऑईल पुस्तिकेतल्या नंबरचेच घालावे. कारचे ऑईल मोटारसायकलला घालू नये. तिचा क्लच ऑईलमध्येच बुडालेला असतो, तो घसरू लागतो. डबा सीलबंद घ्यावा, आपल्यासमोर उघडायला लावावा आणि रिकामा डबा तेथेच फोडून टाकावा, म्हणजे त्यात बनावट ऑईल भरून पुन्हा विकले जात नाही.

चौथे, दर आठवड्याला ऑईलची काडी काढून किंवा काचेतून पातळी पाहावी. कमी ऑईलवर चाललेले इंजिन जास्त तापते आणि त्यातले थोडे ऑईल लवकर खराब होते.

पाचवे, काढलेले जुने ऑईल नालीत, विहिरीकडे किंवा अंगणात ओतू नये. त्यात धातू आणि जळणाचे विषारी अंश असतात. जखमेला, जनावरांच्या अंगाला ते लावण्याची रीत कुठे कुठे आहे, ती सोडावी. गॅरेजवर काम करणाऱ्या आपल्या मुलांनी जेवायच्या आधी साबणाने हात धुवावेत. जुने ऑईल ज्या गॅरेजमधून अधिकृत ठिकाणी जाते तेथेच द्यावे.

आता बॅटरीच्या रिक्षाही येत आहेत. त्यांना इंजिनच नाही, म्हणून इंजिन ऑईलही नाही. मात्र त्यांतल्या काहींना गिअरपेटीचे ऑईल असते आणि सर्व्हिसचा तक्ता प्रत्येकीला असतो. म्हणजे पुस्तिका वाचण्यापासून तेथेही सुटका नाही.

वस्तीत ज्यांच्याकडे येत्या महिन्यात नवी गाडी येणार आहे, त्यांच्या घरी हा अंक आवर्जून पोचवावा. पाच-सहा रिक्षावाल्या बंधूंनी एकत्र बसून आपापल्या पुस्तिका उघडाव्यात आणि पहिल्या सर्व्हिसच्या तारखा एका कागदावर लिहून स्टँडवर लावाव्यात. एकाची तारीख आली की बाकीच्यांनी त्याला आठवण द्यावी. त्या दिवशी त्याची सवारी बुडत असेल तर शाळेच्या मुलांची एखादी फेरी दुसऱ्याने सांभाळावी. यासाठी कुणाकडे अर्ज करावा लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही.

पुढील अंकी गाडीच्या विम्याचे कागद कसे वाचावेत, ते पाहू. कळावे.